अकरावीची पायरी

दहावीचा निकाल लागला, की कोल्हापुरात घरोघरी एकच प्रश्न असतो. सायन्स, कॉमर्स, की आर्ट्स? उत्तर बहुधा टक्क्यांवरून ठरतं. माझं म्हणणं एवढंच, की टक्के पाहू नका, विषय पाहा.

कारण अकरावीची पायरी उंच आहे. गुरुत्वाकर्षणाचाच धडा घ्या. दहावीच्या विज्ञानात तो पहिलाच आहे. अकरावीच्या भौतिकशास्त्रात तो पुन्हा येतो. पण त्याआधी सदिश राशी आणि कलन शिकावं लागतं. शिवाय मराठी माध्यमातल्या मुलांची भाषाच बदलते. कालचं त्वरण आज ॲक्सिलरेशन होतं. राधानगरीहून एसटीनं शहरात येणारं मूल पहिल्या चाचणीत अडखळलं, तर आधी ही भाषा तपासा. बुद्धी तीच असते.

काही पालक म्हणतात, सायन्स घेतलं की सगळ्या वाटा खुल्या राहतात. हे अर्धं खरं आहे. सायन्सनंतर कला शाखेत जाता येतं, हे मान्य. पण नावडते विषय दोन वर्षं ओढले, तर गुणही जातात आणि उमेदही. वकिलीला कोणतीही शाखा चालते. सीए व्हायला सायन्स लागत नाही. म्हणून पुन्हा सांगावंसं वाटतं, टक्के नव्हे, विषय पाहा.

अर्ज भरण्याआधी अकरावीची पुस्तकं चाळा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात. प्रत्येक विषयाचा एक धडा मुलाला वाचू द्या. कॉलेज सुरू झालं, की रोज पाच इंग्रजी संज्ञा मराठी अर्थासह वहीत लिहायला सांगा. आणि दिवाळीपर्यंत त्याला वेळ द्या.