मज्जारज्जू : रचना, कार्य आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवरसूचन अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु झाडावरून, जिन्यावरून वा दुचाकीवरून पडलेल्या माणसाला प्रथम हात लावणारा मनुष्य बहुधा डॉक्टर नसतो. तो घरचा किंवा शेजारचा असतो. त्या हातांवर एखाद्याचे पुढील उभे आयुष्य अवलंबून असू शकते. म्हणून पाठीच्या कण्यात निसर्गाने काय जपून ठेवले आहे, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम रचना पाहू. कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ. बालपणी ते ३३ असतात. त्यांतील खालचे ९ पुढे जुळून त्यांची दोनच हाडे होतात. मणक्यांच्या छिद्रांची मिळून एक नळी तयार होते. तीत, तीन आवरणांच्या आत आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात, मज्जारज्जू सुरक्षित असतो. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी आणि वजन सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे अवघे ३ तोळे! मानेखालचा जवळजवळ सर्व व्यवहार या ३ तोळ्यांवर चालतो.

हा रज्जू कण्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही. वाढत्या वयात हाडे त्याच्यापेक्षा अधिक वाढतात. त्यामुळे प्रौढपणी तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नुसत्या मज्जातंतूंचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. त्यास अश्वपुच्छ म्हणतात. पाठीतील पाणी तपासण्याची सुई डॉक्टर त्या खालच्या भागातच घालतात. ती सुई रज्जूला छेदते, ही अनेक घरांतील भीती निराधार आहे.

रज्जू आडवा कापून पाहिला, तर मध्यभागी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो आणि त्याभोवती पांढरा. करड्या भागात मज्जापेशींची वस्ती आहे. पांढऱ्या भागातून वर-खाली जाणारे तंतू धावतात. रज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक तंतूला दोन मुळे असतात. मागच्या मुळातून वार्ता आत येते, पुढच्या मुळातून आज्ञा बाहेर जाते. इंग्लंडमध्ये चार्ल्स बेल याने १८११ मध्ये व फ्रान्समध्ये माझांदी याने १८२२ मध्ये केलेल्या प्रयोगांतून हे सिद्ध झाले.

आता ही वार्ता जाते कशी? तारेतून वीज वाहते तशी ती वाहत नाही. तंतूच्या पातळ पडद्याच्या बाहेर सोडियमचे कण विपुल असतात, आत पोटॅशियमचे. चेतना मिळताच पडद्याची सूक्ष्म दारे उघडून सोडियम आत शिरतो. लागलीच पोटॅशियम बाहेर पडून स्थिती पूर्ववत होते. हा खेळ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आटोपतो आणि तोच पुढच्या बिंदूला जागा करतो. हॉजकिन व हक्सली यांनी माकुलाच्या जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये याचे गणित मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या तंतूंवर मेदाचे जाड वेष्टण असते, त्यांत ही लहर एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या घेत सेकंदाला १०० मीटरहूनही अधिक वेगाने धावते. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंत ती सेकंदाला मीटर-दोन मीटरच सरकते. ठेच लागली की बोट आपटल्याचे आधी समजते आणि खोल ठणका मागाहून येतो, त्याचे कारण हेच.

मज्जारज्जू केवळ टपाल वाहणारा हरकारा नव्हे; त्याला स्वतःचे काही अधिकारही आहेत. तापल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो आणि चटका बसल्याचे नंतर कळते. तो निर्णय मेंदूचा नसून रज्जूच्या करड्या भागाचा असतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मोडलेले हाड सांधते. हातातील तुटलेला मज्जातंतूही अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढू शकतो. रज्जूत मात्र जखमेचा वण आणि तेथील काही द्रव्ये वाढीस अडथळा करतात. तुटलेले तंतू पुन्हा जोडण्याचा खात्रीचा उपाय अद्याप हाती आलेला नाही. इजा कमरेपाशी झाली तर पाय जातात. मानेत वर झाली तर श्वासही थांबू शकतो, कारण श्वासपटलाचे तंतू मानेतूनच निघतात.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : उंचावरून पडलेल्या वा अपघातात सापडलेल्या माणसास बसवू नये, हातपाय धरून उचलू नये, रिक्षात कोंबू नये. मोडलेला मणका तेवढ्या हिसक्याने सरकून शाबूत रज्जू चिरडू शकतो. श्वास चालू आहे ना, हे प्रथम पाहावे. डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरून १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. आग वा वाहनांच्या भयाने हलविणे भागच पडले, तर चार-पाच जणांनी डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगणे कठीण, पण अवश्य आहे. इजेनंतर काही आठवड्यांनी लुळा पाय आपोआप झटके देऊ लागतो. घरच्यांना वाटते, नवस फळला. वस्तुतः जखमेखालचा रज्जू जिवंत असतो आणि मेंदूवाचून आपले काम करू लागतो. त्याचेच ते झटके. सांगितल्यावर अंगठा हलतो का, स्पर्श कळतो का, हे खरे पाहावयाचे.

परंतु चालणे गेले म्हणजे जीवन गेले, असे मुळीच नाही. पूर्वी असे रुग्ण बहुधा पाठीवरील व्रणांनी व मूत्रमार्गाच्या विकाराने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा दंडक घातला, रुग्णांना कामास आणि खेळास लावले, आणि चित्र पालटले. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले.

ज्ञातीतील असा एखादा बंधू वा भगिनी मागच्या खोलीत पडून असेल, तर सणासमारंभास त्यांना आवर्जून आणावे, आणि सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी एक उतरंडीचा मार्ग बांधावा, अशी कार्यकारी मंडळास विनंती आहे.