रंगाचे कारखाने आणि महायुद्ध



दोन राष्ट्रांमधील व्यापार वाढला की त्यांच्यातील युद्धाची शक्यता ओसरते, असे मत गेली दीडशे वर्षे मोठमोठ्या पंडितांच्या तोंडून ऐकू येत आहे. आपल्याच गिऱ्हाइकावर कोणी बंदूक रोखत नाही, इतका हा विचार सोपा आणि सुखद आहे. १९१० साली नॉर्मन अँजेल या इंग्रज लेखकाचा ‘द ग्रेट इल्यूजन’ हा ग्रंथ गाजला. आधुनिक राष्ट्रांचे आर्थिक व्यवहार एकमेकांत इतके गुंतले आहेत की युद्धात जिंकणाराही तोट्यातच जाईल, असे त्याचे प्रतिपादन होते. अँजेल यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एवढे सांगितले पाहिजे की, युद्ध होणारच नाही असे त्यांनी म्हटले नव्हते. तसा अर्थ वाचकांनी काढला, कारण त्यांना तो हवा होता. १९१३ साली हिंदुस्थानच्या खालोखाल इंग्लंडच्या मालाचा सर्वांत मोठा ग्राहक जर्मनी हाच देश होता. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, हे दोन्ही देश एकमेकांविरुद्ध रणांगणात उतरले.

युद्ध सुरू होताच इंग्लंडला तोफांच्या आधी एका अगदी वेगळ्या वस्तूची टंचाई जाणवली. ती वस्तू म्हणजे कापडाचा रंग. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारे कृत्रिम रंग प्रामुख्याने जर्मनीतून येत. सैनिकांच्या गणवेशांच्या रंगांचीही तीच गत होती. त्या वेळचा सरकारी हिशेब असा होता की, वर्षाला अवघ्या २० लाख पौंडांच्या रंगांवर २० कोटी पौंडांचा कापडधंदा आणि १५ लाख कामगारांची रोजीरोटी अवलंबून आहे. आयातीच्या खातेवहीत जी रक्कम कोपऱ्यातली वाटत होती, तिच्यावर साम्राज्याचा सर्वांत मोठा उद्योग तोललेला होता!

नवल याचे की, हा उद्योग मुळात इंग्लंडचाच. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी कृत्रिम क्विनाईन बनविण्याच्या खटपटीत होता. क्विनाईन साधले नाही, पण हाती जांभळा रंग लागला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. कच्चा माल म्हणजे कोळशापासून निघणारे कोलटार, आणि ते इंग्लंडात मुबलक होते. सर्वांत मोठा कापडधंदाही तेथेच होता. मग हा उद्योग हातचा गेला कसा? पर्किनचे गुरू हॉफमन हे जर्मन. ते १८६५ साली मायदेशी परतले. हाइनरिश कारो मँचेस्टरमध्ये काम करून गेले आणि बी.ए.एस.एफ. या जर्मन कंपनीचे आधारस्तंभ झाले. १८६९ साली अलिझरिन या लाल रंगाच्या पेटंटसाठी कारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये पर्किनच्या अवघा एक दिवस आधी अर्ज केला. जर्मन विद्यापीठे रसायनशास्त्रज्ञ घडवीत होती, कारखाने त्यांना प्रयोगशाळा देत होते. इंग्रज भांडवलदार मात्र कोलटार विकून रंग विकत आणण्यात समाधानी होता. हिंदुस्थानचा कापूस नेऊन त्याचेच कापड हिंदुस्थानला विकणाऱ्या इंग्लंडची रंगाच्या बाबतीत स्वतःच तशी अवस्था झाली होती. इतिहासालाही विनोदबुद्धी असते, ती अशी!

या कथेचा एक धागा थेट बिहारच्या शेतात येतो. बी.ए.एस.एफ.ने सुमारे सतरा वर्षे आणि जवळपास १ कोटी ८० लाख मार्क खर्चून १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली. लाखो एकरांवरील हिंदुस्थानी नीळ पंधरा-सतरा वर्षांत जवळजवळ नामशेष झाली. चंपारणमधील इंग्रज निळवाल्यांनी हा तोटा स्वतः सोसला नाही. बिघ्यातील वीस कट्ट्यांपैकी तीन कट्ट्यांत नीळ लावण्याच्या सक्तीतून सुटका हवी तर जादा सारा द्या, किंवा एकरकमी ‘तावान’ भरा, असे त्यांनी रयतेला फर्मावले. पुढे महायुद्धाने जर्मन नीळ बंद केली, भाव वधारले आणि तीच सक्ती पुन्हा मानगुटीवर बसली. एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला पोहोचले ते या पार्श्वभूमीवर. ऱ्हाईन नदीकाठच्या प्रयोगशाळेतील एका यशाची किंमत ज्या शेतकऱ्याने मोजली, त्याला त्या प्रयोगशाळेचे नावही ठाऊक नव्हते.

आता जर्मनीची बाजू पाहावी. रंगाचा कारखाना म्हणजे केवळ रंगाचा कारखाना नव्हे. त्याच भट्ट्या, तीच आम्ले, तेच रसायनशास्त्रज्ञ स्फोटके बनवू शकतात. इंग्रज आरमाराने जर्मनीची सागरी नाकेबंदी केली आणि चिलीहून येणारा सोरा तुटला. सोऱ्यावाचून दारूगोळा नाही, म्हणजे युद्ध काही महिन्यांत आटोपायला हवे होते. परंतु हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविणारा बी.ए.एस.एफ.चा कारखाना ओप्पाऊ येथे १९१३ सालीच सुरू झाला होता. तो होता खतासाठी. त्याच्या जोरावर जर्मनी चार वर्षे लढला. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या आघाडीवर सोडलेला क्लोरीन वायूही याच रंगउद्योगाच्या कोठारातला. अमेरिकेलाही जर्मन रंगांवाचून करमत नव्हते. जुलै १९१६ मध्ये ‘डॉइचलंड’ नावाची जर्मन व्यापारी पाणबुडी नाकेबंदी चुकवून बाल्टिमोरला पोहोचली, तेव्हा तिच्या पोटात रंगांचा माल होता.

युद्धानंतर इंग्लंडने काय केले? १८४६ पासून मुक्त व्यापाराचा धर्म जगाला शिकविणाऱ्या त्या देशाने १९२० साली कायदा करून परवान्याविना परदेशी रंग आणण्यास दहा वर्षांसाठी बंदी घातली. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके मात्र बदलली नाहीत. ती इतरांसाठी होती.

याउलट टोकाचे उदाहरण जपानचे. त्याचे सुमारे ८० टक्के खनिज तेल अमेरिकेतून येत असे. चीन आणि इंडोचायनातील आक्रमणामुळे १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने ते तोडले. जपान माघार घेईल ही अपेक्षा होती. डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. व्यापाराचा दोर तोडण्याची धमकी शांततेकडे नेईलच असे नाही, हे यातून दिसते. साठा संपण्यापूर्वी लढून घ्यावे, असाही हिशेब एखादे राष्ट्र करते.

भारताकडे वळताना ही जुनी प्रकरणे फार दूरची वाटत नाहीत. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिकांना वीरमरण आले. तरीही २०२४-२५ या आर्थिक वर्षात चीनकडून झालेली आयात ११३ अब्ज डॉलर होती आणि व्यापारातील तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. आकडा मोठा आहे, पण खरी चिंता आकड्याची नव्हे. विजेची माळ किंवा खेळणे आले नाही तर कोणाचे अडत नाही. अडते ते औषधाच्या मूळ घटकाने. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने देशात पेनिसिलिन बनविले होते. पुढे स्वस्त चिनी मालापुढे पेनिसिलिन-जीचे देशी उत्पादन बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले २०२४ साली, आंध्रातील काकीनाडा येथे, आणि तेही सरकारी प्रोत्साहन योजनेचे बळ मिळाल्यावर.

दुर्मिळ मृदा धातूंची कथा तर कोलटारची आठवण करून देणारी आहे. सप्टेंबर २०१० मध्ये सेन्काकू बेटांजवळ चिनी मच्छीमार बोटीच्या कप्तानाला जपानने अटक केली आणि चीनकडून येणारी ही खनिजे अडली. काही दिवसांतच कप्तान सुटला. जपानने मात्र धडा घेऊन ऑस्ट्रेलियातील लायनस कंपनीत पैसा ओतला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील मोटारउद्योग हवालदिल झाला. वस्तुतः केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइट वाळू आहे. इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० सालची आहे. वाळू होती, कंपनी होती, पण चुंबक बनविणारे मोठे कारखाने नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबकांच्या क्षमतेसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना संमत केली. तिची मुदत सात वर्षांची आहे, आणि त्यातील पहिली दोन वर्षे केवळ कारखाने उभारण्यासाठी आहेत.