पेटीतून आलेले ड्रॅगन
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज बोलायचं आहे ते वाचनाविषयीच. पण ‘वाचाल तर वाचाल’ ही पाटी मी आज जरा बाजूला ठेवणार आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर ती तीस वर्षं होती आणि तिच्याकडे बघून कुणी पुस्तक उघडल्याचं मला आठवत नाही. मला बोलायचं आहे ते जादूगार, ड्रॅगन, शापित राजकन्या आणि चालणारी झाडं असलेल्या जाडजूड कादंबऱ्यांविषयी. आणि अशा कादंबऱ्या दर महिन्याला खोक्यात घालून घरपोच पाठवण्याच्या पद्धतीविषयी.

माझी भाची शहाद्याला असते. यंदा बारावीला, अर्थातच विज्ञान शाखेला. गेलं वर्षभर तिच्या नावावर दर महिन्याला एक खोकं येतं. वर्गणी ती स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून भरते, त्यात माझी दिवाळीची ओवाळणीही आलीच. खोक्यात काय असतं? एक नवी कादंबरी, बहुतेक वेळा इंग्रजी. तिच्या पानांच्या कडा रंगवलेल्या. लेखकाचं छापील पत्र. एखादी सुगंधी मेणबत्ती, वाचनखुणा, कापडी पिशवी, बिल्ला. महिन्याचा विषय आधी कळवतात, म्हणजे ‘बुडालेली नगरं’ किंवा ‘वनातल्या चेटकिणी’ असं काहीतरी. पुस्तकाचं नाव मात्र खोकं फोडेपर्यंत कळत नाही. ब्रिटनमधलं फेअरीलूट किंवा उत्तर अमेरिकेतलं आऊलक्रेट ही या धंद्यातली गाजलेली नावं. 2015 च्या सुमाराला ही टूम तिकडे जोरात आली आणि मग आपल्याकडेही तसं करणारे निघाले.

पहिलं खोकं आलं तेव्हा माझ्या आईनं मेणबत्ती हुंगून विचारलं, “हाई काय शे?” नातीनं सांगितलं, की ही गोष्टीतल्या जंगलाचा वास आहे. आई म्हणाली, जंगलाचा वास पाहिजे तर धडगावची एसटी धर.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण जून महिन्यात भावाचा फोन आला. “ताई, तू मराठीची बाई. तुझं ती ऐकते. नीटचं वर्ष आहे, ही भुताखेतांची पुस्तकं बंद कर म्हणून सांग तिला. परीक्षा झाल्यावर काय वाचायचं ते वाचू दे.” भावाची काळजी मला कळते. त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. पोरगी डॉक्टर झाली तर घराण्यात पहिली. आज आपल्याकडच्या बऱ्याच वाचनालयांत अभ्यासिकेची प्रत्येक खुर्ची स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी भरलेली असते आणि कादंबऱ्यांच्या कपाटाला कुलूप असतं. त्या मुलांना मी नावं ठेवणार नाही. पण भावाला लगेच होही म्हणवेना. म्हटलं, थोडे दिवस दे, मी आधी ती पुस्तकं वाचून बघते.

आणि वाचली. तीन वाचली, चौथं अर्ध्यात टाकलं. खरं सांगायचं तर सगळीच काही थोर नव्हती. दोन कादंबऱ्यांमध्ये राजपुत्र आणि मारेकरी मुलगी यांचं भांडणातून प्रेम इतकं ठरल्या मार्गानं जातं, की पन्नासाव्या पानावर शेवट कळतो. पुस्तकापेक्षा खोक्याची सजावट जास्त, हेही काही वेळा खरंच. मात्र तिसऱ्या कादंबरीनं मला रात्री दोनपर्यंत जागवलं. हे वय झाल्यावर कुणी जागवणारं भेटत नाही हो सहसा.

मग मला आपलंच जुनं आठवलं. मराठीतल्या पहिल्यावहिल्या कादंबऱ्या कशा होत्या? लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची. ताटातुटी, कारस्थानं, योगायोग, अद्भुत प्रसंग यांची नुसती रेलचेल. त्याच शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी ते काम पुढे नेलं. निबंधमालाकार विष्णुशास्त्र्यांना दिव्यातला राक्षस वर्ज्य नव्हता, हे आपण सोयीनं विसरतो. पुढे हरिभाऊ आपटे आले, ‘पण लक्षात कोण घेतो’ आली, आणि कादंबरीनं समाजाकडे बघायचं असतं हे ठरलं. ते योग्यच झालं. पण त्याबरोबर अद्भुताची रवानगी मुलांच्या खोलीत झाली ती झालीच. मोठ्या माणसानं नारायण धारप वाचायचे ते उशीखाली ठेवून. 2018 साली ‘तुंबाड’ चित्रपट आला आणि त्यामागे धारपांच्या ‘आजी’ची प्रेरणा आहे असं कळलं, तेव्हा कुठे अनेकांनी धारप उघडपणे मागायला सुरुवात केली.

नाथमाधवांची गोष्ट मी भाचीला मुद्दाम सांगितली. मूळ नाव द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. वय तिशीच्या आतलं. अंथरुणाला खिळलेल्या या माणसानं वाचनाचा सपाटा लावला आणि मग लिहायला घेतलं. 1913 साली त्यांची ‘वीरधवल’ आली, जिच्यावर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी रात्री जागवल्या. ज्याला खोलीबाहेर जाता येत नव्हतं त्यानं वाचकांना घोड्यावर बसवून फिरवलं. भाची जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आत्या, ही ‘वीरधवल’ मिळते का कुठे?”

आपल्या जिल्ह्याच्या शिवा गुजरात आणि मध्य प्रदेशाला लागलेल्या, त्यामुळे इकडे हिंदी वाचणारेही पुष्कळ. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ 1888 ची. खत्री बनारस संस्थानाच्या जंगलांचे ठेकेदार होते. नौगढ, चकियाच्या रानात पडके किल्ले बघत हिंडायचे. त्या पडक्या भिंतींतून त्यांनी तिलिस्म आणि ऐयार उभे केले. ती कादंबरी वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. 1994 मध्ये दूरदर्शनवर त्यावरची मालिका लागली, तेव्हा रविवारी सकाळी आमच्या गल्लीत क्रूरसिंगाचा ‘यक्कू’ घराघरांतून ऐकू यायचा. याच ‘चंद्रकांता’ची पुढची कथा, ‘चंद्रकांता संतति’, चोवीस भागांत निघाली. वाचक पुढच्या भागाची वाट बघत बसायचे. भाची कुरिअरची वाट बघते ती याहून वेगळी नाही.

आणि घरातल्या घरात बघायचं तर श्रावणात आमच्याकडे नवनाथ भक्तिसाराचं पारायण असतं. चाळीस अध्याय. आईला ते श्रद्धेनं ऐकायचं असतं आणि तसंच ते ऐकावं. पण लहानपणी मी ते कशासाठी ऐकायचे? मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकलेले आणि गोरक्षनाथ त्यांना सोडवायला निघालेले, आता पुढे काय होणार, यासाठी. शाळेची सहल तोरणमाळला गेली, तिथे मच्छिंद्रनाथांची गुंफा दाखवली, तेव्हा मला वाटलं होतं की गोष्टीला पत्ता असतो.

आता पेटीबद्दल. ही कल्पना परदेशातून आली असं भावाचं म्हणणं. मी त्याला नवापूर स्टेशनचा दाखला दिला. तुमच्यापैकी सुरत-भुसावळ मार्गानं जाणाऱ्यांना ठाऊक असेल, दोन राज्यांची शीव त्या स्टेशनातून जाते. एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. शीव ओलांडली की पुढे सोनगड, व्यारा. हा मुलूख पूर्वी बडोदा संस्थानाचा. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं आणि संस्थानात फिरती वाचनालयं सुरू झाली. म्हणजे काय, तर लाकडी पेट्या. एकेका पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं. ती पेटी खेड्यात जायची, तिथल्या लोकांनी वाचायची, मग परत पाठवून दुसरी मागवायची. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. आमचं नवापूर तेव्हा इंग्रजांच्या पश्चिम खानदेशात, म्हणून शिवेच्या अलीकडे ती सोय नव्हती.

अगदी अलीकडे, 2009 साली, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधारानं विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. तिथेही पेटीच. वाचकांचा एक गट, त्यांच्यात एक पेटी, ठरावीक महिन्यांनी गटांनी पेट्या बदलून घ्यायच्या. ही पेटी पार दुबईच्या मराठी घरांपर्यंत पोचली. यात आणि भाचीच्या खोक्यात फरक एकच, पण तो मोठा आहे. खोक्यातलं पुस्तक एका मुलीच्या फळीवर जाऊन बसतं. पेटीतलं हिंडत राहतं.

पुस्तक हिंडवायला पैसे पडतात, हे मात्र खरं. 2024 च्या डिसेंबरात टपाल खात्यानं पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा बंद केली आणि छोटे प्रकाशक, वाचक हवालदिल झाले. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोला शंभर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. ड्रॅगन यांपैकी कशात बसतो हे खिडकीवर विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. सांस्कृतिक म्हणून खपवावा.

भावाशी काय ठरलं ते सांगते. खोकं दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी मागवायचं आणि वाचून झालेलं पुस्तक घरात ठेवायचं नाही. ती पुस्तकं माझ्याकडे यायची. मी त्यांत मराठी पुस्तकं घालते. हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद, टोल्किनच्या कादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’, ‘वीरधवल’ची एक जुनी, कडा कुरतडलेली प्रत. सुताराकडून एक पेटी करून घेतली. मेणबत्ती वगळली, वसतिगृहात मेणबत्ती म्हणजे आगीची भीती. ती पेटी नंदुरबारातल्या मुलींच्या एका वसतिगृहात जाते. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या मुली आहेत तिथे.

पहिल्या पेटीनंतर एका मुलीनं मला विचारलं, “बाई, यातलं कुठलंच गाव आमच्यासारखं का नाही?” ती धडगावकडची, घरी पावरी बोलते. मी शिक्षकी थाटात सांगायला गेले, की ही कल्पनेतली गावं असतात. ती म्हणाली, “कल्पनेतलंच म्हणते मी. आमच्याकडे इंदलला रात्रभर गायणा चालतो, त्यात पृथ्वी कशी झाली इथपासून सगळं येतं. होळीला माणसं मोरपिसांचे टोप घालून, अंग रंगवून, कमरेला घुंगरं बांधून नाचतात. ते का नाही कुणी असं जाड पुस्तकात लिहीत?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाहरू सोनवणे यांच्यासारख्या कवीनं याच मातीतून भिलीत आणि मराठीत लिहिलं, लोककथांची संकलनंही झाली आहेत. पण पंधरा वर्षांच्या मुलीनं पांघरुणात दडून वाचावी, अशी सातपुड्याच्या अद्भुताची जाडजूड कादंबरी माझ्या पेटीत नाही. इंग्लंडातल्या एका प्राध्यापकानं आपल्या बेटाच्या जुन्या कथा आणि भाषा धुंडाळून तीन खंडांची दुनिया उभी केली. त्या दुनियेतली नदी आमच्या मुलींना नकाशावर दाखवता येते. नर्मदेकाठच्या गोष्टी मात्र सांगणारी माणसं गेली की जातात, आणि त्यातली काही गावं तर आता धरणाच्या पाण्याखाली आहेत.

म्हणून तिसऱ्या पेटीत मी एक दोनशे पानी कोरी वही टाकली. विषयाची चिठ्ठी लावली: ‘आपल्याकडची गोष्ट’. पेटी परत आली तेव्हा वहीची सव्वीस पानं भरलेली. अक्षर चार-पाच जणींचं. भाषा पावरी, लिपी देवनागरी, कडेला पेन्सिलीनं मराठी अर्थ. मी वाचायला बसले. अडत, अर्थ लावत वाचत गेले. एक राजा, एक दुष्काळ, धान्य शोधायला डोंगरापलीकडे निघालेली एक बाई, आणि सव्विसाव्या पानावर ती एका गुहेच्या तोंडाशी पोचते. तिथे गोष्ट थांबते.

मी वसतिगृहात फोन केला. पुढे काय, म्हणून. त्या मुलीनं सांगितलं, की पुढचं आजीला विचारावं लागेल आणि आजी दिवसा सांगत नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आपल्याकडेही म्हणतातच. फोनवर तर ती मुळीच सांगणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी जाईल, चार रात्री बसेल, मग लिहून आणेल. भाचीला हे कळवलं तर तिनं आधी मला कॅलेंडर बघायला लावलं, सुट्टी नक्की कधी संपते ते सांग म्हणाली. आणि परवा भावाचा फोन आला होता. खताचे भाव, पाऊस, आईचा गुडघा, सगळं बोलून झाल्यावर विचारतो, ती बाई गुहेत शिरली का गं?