विशेष दलांना आज्ञा कोणाची?



कमांडो म्हटले की दोरावरून झपकन उतरणारा काळ्या वेशातील जवान डोळ्यांपुढे येतो. त्याला आज्ञा कोण देतो आणि त्याला नेणारे विमान कोणाच्या अखत्यारीत असते, हा प्रश्न सहसा पडत नाही. अमेरिकेलाही तो फार उशिरा पडला.

एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधील अमेरिकी ओलिसांच्या सुटकेची मोहीम निघाली. हल्ला करणारे डेल्टा पथक भूदलाचे, मालवाहू विमाने हवाई दलाची, हेलिकॉप्टर्स नौदलाची आणि त्यांचे बहुतेक वैमानिक मरीन कोअरचे! या साऱ्यांची एकत्रित रंगीत तालीम एकदाही झालेली नव्हती. आठ हेलिकॉप्टर्स निघाली, त्यांतील सहा इराणच्या वाळवंटातील तळावर पोहोचली आणि तेथे आणखी एक नादुरुस्त ठरले. किमान सहा आवश्यक होती. माघार ठरली, निघताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळले आणि आठ जणांनी प्राण गमावले. पुढे ॲडमिरल हॉलोवे यांच्या चौकशीत जे उघड झाले ते अधिक बोचरे होते. त्या अंधारात हुकूम देणारा नेमका कोण, हेच काही वैमानिकांना उमगले नव्हते. शौर्याची वाण तेथे मुळीच नव्हती.

सेनाधिकाऱ्यांचा विरोध डावलून अमेरिकी संसदेने १९८६ मध्ये कायदा केला आणि १९८७ मध्ये स्वतंत्र विशेष मोहीम कमांड उभी राहिली. तिचा प्रमुख पूर्ण जनरल वा ॲडमिरल दर्जाचा असतो. विशेष म्हणजे तिला स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले. तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेल, तर सेनापतीपद शोभेचेच!

आपल्याकडे १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी छोट्या तुकडीनिशी शत्रूच्या मुलखात छापे घातले. त्यातूनच १९६६ मध्ये पहिली कमांडो पलटण उभी राहिली. पुढे नौदलाचे मार्कोस आले, हवाई दलाचे गरुड आले. राष्ट्रीय सुरक्षा दल मात्र गृहखात्याकडे. त्यातील मुख्य हल्ला पथक सैनिकांचे, महासंचालक पोलीस सेवेतील. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबई जळत असताना या जवानांना विमानाची वाट पाहावी लागली, हे मुंबईकर विसरलेले नाहीत.

नरेश चंद्र समितीने २०१२ मध्ये तिन्ही दलांच्या संयुक्त विशेष मोहीम कमांडची शिफारस केली. २०१९ मध्ये प्रत्यक्षात आली ती डिव्हिजन, मेजर जनरलच्या हाताखालील. हा भेद केवळ नावाचा समजू नये. मूळ पलटणी आपापल्या सेनादलांकडेच राहिल्या आहेत.