जबड्याचे हाड आणि माणसाची ओळख
(हिंगोली येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गुणवंत मुलामुलींचा सत्कार आटोपला, वधूवरांचा परिचय झाला, आणि आता जेवणाची पाने मांडली जात असताना एका दंतवैद्याने उभे राहून मृत्यूविषयी बोलावे, हे प्रसंगास शोभणारे नाही याची आम्हांस जाणीव आहे. परंतु सारी कुटुंबे एकत्र भेटतात ती वर्षातून एकदाच. म्हणून हा औचित्यभंग आम्ही पत्करला आहे.

1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतरची घटना आपणांपैकी कोणी विसरले नसेल. नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली, आणि पंचवीस माणसे तीत जळून गेली. नातेवाईक बुलढाण्यास धावले, परंतु आपले माणूस कोणते हे त्यांना सांगता येईना. डीएनए तपासणीस दिवस लागणार होते. शेवटी संमतीने चोवीस जणांवर एकाच ठिकाणी सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. हिंगोलीहून, वसमतहून पुण्यास जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांत आपलीच मुले बसलेली असतात. ती बातमी वाचल्यापासून हा विषय आमच्या मनातून गेलेला नाही.

ओळख न पटणे ही केवळ पोलिसांची अडचण नव्हे. देह हाती न आल्यास करावयाच्या पालाशविधीची सोय आपल्या धर्मशास्त्राने करून ठेवली आहे; पळसाच्या पानांचा देह करून त्यास अग्नी द्यावयाचा. पूर्वजांनाही हे दुःख ठाऊक होते, एरवी असा विधी निघता ना. पण सातबारावरील फेरफार पळसाच्या पानांवर होत नाही. बेपत्ता माणसाचा सात वर्षे काही ठावठिकाणा लागला नाही, तरच तो मृत धरावा, असे 1872 च्या साक्ष्य अधिनियमात होते. 2023 च्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तीच सात वर्षे आहेत. तोवर घरातील बाईने सौभाग्यवती म्हणून वावरावे की विधवा म्हणून? विम्याचे पैसे अडतात, वारसाची नोंद अडते, मुलीचे लग्न अडते.

आता आमच्या विषयाकडे वळतो. 4 मे 1897 रोजी पॅरिस येथे एका धर्मार्थ बाजारास आग लागून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत आलांसाँची डचेस होती. तिच्या दंतवैद्याने आपल्या टिपणांवरून तिचे दात ओळखले, आणि तेव्हापासून या शास्त्रास प्रतिष्ठा आली. दातांचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. आग, पाणी, माती यांत तो पुष्कळ टिकतो. परंतु खरे सांगावयाचे तर पॅरिसची ही गोष्ट आपल्या उपयोगी अर्धीच पडते. आमच्याकडे येणाऱ्या वृद्धांपैकी कितीकांच्या तोंडात मिश्रीने आणि तंबाखूने दात शिल्लकच ठेवलेले नसतात. आणि ज्यांना आहेत त्यांच्या दातांत चांदी वा सिमेंट भरल्याची एकही खूण नसते. मग तपासावयाचे काय?

येथे जबड्याचे हाड पुढे येते. कृपा करून आपण सर्वांनी कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडावे व मिटावे. बोटाखाली जे हलते ते खालच्या जबड्याचे टोक. तेथून बोट खाली आणावे. कानाच्या पाळीखाली हाड जेथे वळते तो जबड्याचा कोन. तान्ह्या मुलात तो बराच उघडा असतो, तरुणपणी 120 अंशांच्या आसपास येतो, आणि दात पडलेल्या म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा पुन्हा उघडतो. पुरुषाची हनुवटी बहुधा चौकोनी व रुंद, स्त्रीची निमुळती. वरच्या दोन टोकांमधील खाच कोणाची खोल, कोणाची उथळ. हनुवटीच्या दोन्ही बाजूंस एकेक बारीक छिद्र असते. ओठाकडे जाणारा मज्जातंतू त्यातून बाहेर पडतो. त्याची जागा माणसागणिक थोडी निराळी. हाडाच्या आतील जाळीही, झाडाच्या पानावरील शिरांप्रमाणे, सर्वांची सारखी नसते.

हे सारे जिवंत माणसात डोळ्यांनी दिसत नाही, क्ष-किरणांत दिसते. राँटगेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी हे किरण पाहिले आणि दोन-तीन महिन्यांच्या आत जर्मनीतील वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे स्तब्ध राहावे लागले. पुढे फिनलंडच्या पाटेरो यांनी संपूर्ण जबडा एका चित्रात उलगडून दाखविणारे यंत्र सिद्ध केले. आज ज्यास सर्वजण ओपीजी म्हणतात ते हेच; रुग्ण उभा राहतो, यंत्र डोक्याभोवती फिरते, आणि साधारण पंधरा-वीस सेकंदांत काम होते. अलीकडे संगणक अशा दोन चित्रांतील कडा व आकार परस्परांवर ठेवून किती जुळतात ते पाहू लागले आहेत. मूळच्या भारतीय असलेल्या अनिल जैन यांनी अमेरिकेत दातांच्या आकारांवर असे काम केले, आणि जबड्याच्या बाह्यरेषेवरही इतरत्र प्रयत्न चालू आहेत.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण चित्रपट पाहून लोकांच्या कल्पना फार वाढल्या आहेत. केवळ जबड्याच्या आकारावरून स्त्री की पुरुष, वय साधारण किती, एवढा अंदाज बांधता येतो. नाव सांगता येत नाही. नाव सांगावयास त्याच माणसाचे आधीचे चित्र हवे. तेही जुने असल्यास, मधल्या काळात दाढा काढल्या असल्यास, जबडा मोडून जुळला असल्यास, किंवा चित्र घेताना मान वाकडी असल्यास आकार फसवू शकतो. म्हणून जाणता तज्ज्ञ एका रेषेवर विसंबत नाही. कोन, खाच, छिद्र, जाळी, उरलीसुरली मुळे असे पाच-सात पुरावे एकत्र पाहतो, आणि न जुळल्यास तसे स्पष्ट लिहितो. फार तापलेले हाड हात लावताच भुगा होते, हेही लपविण्यासारखे नाही. त्या बसमधील सारी माणसे ओळखता आली असती, असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

कोणी विचारील, आता डीएनए आहे, मग हा खटाटोप कशास? 12 जून 2025 रोजी अहमदाबादेस विमान कोसळले तेव्हा मृतांची ओळख प्रामुख्याने डीएनएवरूनच पटविली गेली, आणि शेवटच्या देहापर्यंत पोहोचावयास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. त्या पद्धतीस रक्ताचे नातेवाईक हवेत, प्रयोगशाळा हवी, सवड हवी. दोन क्ष-किरण चित्रे शेजारी ठेवून पाहण्यास त्यामानाने फार थोडा वेळ लागतो. 2004 च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये परदेशी प्रवाशांची ओळख पटविण्यात दातांच्या नोंदींचा मोठा वाटा होता; कारण त्यांच्या गावच्या दंतवैद्यांकडे त्या नोंदी जपलेल्या होत्या.

आपल्याकडे गाडे अडते ते नेमके येथेच. आम्ही काढून दिलेली फिल्म घरी जाते आणि ग्रहणाच्या दिवशी सूर्य पाहावयास बाहेर निघते. (डोळ्यांस ते घातक आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) आजकाल चित्र मोबाईलवर येते आणि मोबाईलबरोबरच नाहीसे होते. केवळ ओळखीसाठी म्हणून कोणी क्ष-किरण घ्यावेत असे आम्ही सुचवीत नाही. परंतु उपचारासाठी जे चित्र निघतेच, ते जमिनीच्या कागदांबरोबर का ठेवू नये? पाकिटावर पूर्ण नाव, जन्मवर्ष, चित्र घेतल्याची तारीख आणि दंतवैद्याचा पत्ता लिहावा. त्यानंतर दात काढला वा बसविला, तर तेही तारखेसह खाली लिहावे. मोबाईलवरील चित्राची एक प्रत घरातील दुसऱ्या कोणाकडे, शक्यतो दुसऱ्या गावी असावी; सारे कुटुंब एकाच गाडीने प्रवास करते, म्हणून हे सांगितले.

मागील महिन्यात कवळी बसवून घ्यावयास आलेल्या एका आजींना आम्ही हेच सांगितले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तोंडात एक दात नाही, आता कसला फोटो जपू?" आम्ही त्यांना पडद्यावर त्यांचा जबडा दाखविला. वरची कड झिजून गेलेली, कोन उघडलेला, आणि डाव्या बाजूचे ते बारीक छिद्र कडेच्या अगदी जवळ आलेले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग पदराने चष्मा पुसून म्हणाल्या, "माझ्या आईची हनुवटी अशीच होती." त्या चित्राचे पाकीट त्या घेऊन गेल्या, त्यावर नाव त्यांच्या नातीने लिहिले.