कुंपण घालायला आलेली माणसं

(मेलबर्न परिसरातील मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान)

७ फेब्रुवारी २००९. शनिवार होता. मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला, वारा पिसाटला होता, आणि दुपार व्हायच्या आतच शहराच्या उत्तरेला किलमोर ईस्टजवळ विजेची एक तार तुटली. त्या ठिणगीतून भडकलेल्या एकट्या वणव्यात ११९ माणसं गेली. व्हिक्टोरिया राज्यात त्या दिवशी लागलेल्या सगळ्या वणव्यांनी मिळून १७३ जणांचा बळी घेतला, दोन हजारांहून अधिक घरांची राख केली. ऑस्ट्रेलियात आजही 'ब्लॅक सॅटर्डे' एवढं म्हटलं तरी पुरतं.

किलमोर ईस्टच्या केविन आणि रोंडा बटलर या शेतकरी जोडप्याचं त्या आगीत कुंपण जळालं. घरंच्या घरं गेली तिथे कुंपणाचं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण बटलर यांच्याकडे १,५०० मेंढ्या होत्या आणि त्यांना अडवायला काहीच उरलं नव्हतं.

महाराष्ट्रात शेताला बांध असतो आणि गुरांमागे माणूस असतो. इथे हजारो एकरांच्या रानात मेंढ्यांमागे कुणी फिरत नाही. सगळी राखण कुंपणच करतं. ते गेलं की जनावरं हमरस्त्यावर येतात, शेजाऱ्याच्या कळपात मिसळतात, नको त्या हंगामात मेंढे माद्यांत शिरतात. आगीतून कसाबसा वाचलेला कोवळा चारा दोन दिवसांत संपतो. मग शेतकरी पडेल भावात कळप विकून टाकतो, आणि पिढ्यांच्या निवडीतून जमवलेला वाण त्याबरोबर जातो. नवं कुंपण घालायचं तर किलोमीटरमागे हजारो डॉलर लागतात. अनेकांच्या विम्यात कुंपण धरलेलंच नसतं, किंवा अगदी थोडं धरलेलं असतं.

बटलर दांपत्याने नातेवाइकांना, मित्रांना आणि आसपासच्या लोकांना हाक मारली. लोक आले, आणि आठवड्याच्या आत कुंपण उभं राहिलं. आता आणखी चार शेतकऱ्यांना हात देऊ, एवढाच विचार करून दोघांनी पुढे पाऊल टाकलं. त्यातून 'ब्लेझएड' ही स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. नाव आगीवरून पडलं असलं तरी पुरानंतरही ही माणसं तितक्याच तयारीने जातात.

त्यांच्या कामाची रीत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. गावातलं जत्रेचं मैदान किंवा फुटबॉलचं मैदान हा तळ. स्वयंसेवक आपापली कॅरव्हॅन किंवा तंबू घेऊन येतात. सकाळी न्याहारी होते, दुपारचे सँडविच ज्याचे त्याने बांधून घ्यायचे, कोणती तुकडी कुणाच्या रानात जाणार ते ठरतं आणि गाड्या निघतात. संध्याकाळचं जेवण तळावर एकत्र. बरेचदा गावातली मंडळंच ते रांधतात, आणि शेतकरी कुटुंबांनाही पंगतीला बोलावणं असतं.

रानात पोहोचल्यावर पहिलं काम मोडतोडीचं. जळालेली तार दिसायला धड दिसते, पण आगीत तिचा जस्ताचा मुलामा गेलेला असतो. ती गंजणार, आणि ताण दिला की तुटणार. म्हणून ती कापायची, गुंडाळायची, बाजूला रचायची. लाकडी खांब जमिनीलगत जळून गेलेले असतात. हे खांब किडू नयेत म्हणून त्यांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असतं. त्यामुळे त्यांची राख विषारी. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय तिथे हात लावायचा नाही, ही ताकीद सकाळीच मिळालेली असते. मग दोन टोकांना भक्कम खांब रोवायचे, त्यांच्यामध्ये खालून एक तार ताणून रेघ धरायची आणि त्या रेघेवर लोखंडी पिकेट ठोकत जायचं. बाकीच्या तारा साखळीच्या यंत्राने ताणायच्या, गाठी मारायच्या. ज्याने आयुष्यात कधी पक्कड धरलेली नाही, त्यालाही हे एका सकाळीत जमू लागतं.

येणाऱ्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ. कॅरव्हॅन घेऊन देशभर भटकणाऱ्या या लोकांना इथे 'ग्रे नोमॅड' म्हणतात. पण सगळेच पांढऱ्या केसांचे नसतात. २०१९-२० च्या उन्हाळ्यात पुन्हा देशभर वणवे पेटले. ३३ माणसं गेली, तीन हजारांवर घरं गेली, कांगारू आयलंड या बेटाचा जवळजवळ अर्धा भाग जळाला. तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने फार चांगला निर्णय घेतला. परदेशातून 'वर्किंग हॉलिडे' व्हिसावर आलेल्या तरुणांना मुदत वाढवून घ्यायची तर ठरावीक दिवस ठरावीक प्रकारचं काम दाखवावं लागतं. आपत्तीग्रस्त भागातलं पुनर्उभारणीचं काम, अगदी बिनपगारी असलं तरी, त्यात धरलं जाऊ लागलं. पंचविशीतला परदेशी तरुण आणि सत्तरीतले आजोबा एकाच तारेची दोन टोकं धरून उभे राहावेत, यासाठी व्हिसाचा नियम बदलला गेला.

याच वणव्यांच्या दिवसांत मेलबर्नच्या 'सिख व्हॉलंटिअर्स ऑस्ट्रेलिया'ने आपली फिरती मुदपाकखान्याची गाडी पूर्व व्हिक्टोरियातल्या बेअर्न्सडेलला नेली आणि घर सोडून आलेल्यांना गरम जेवण वाढलं. लंगरची सवय रक्तातच असलेल्या समाजाने परमुलखात आपल्याला जे उत्तम येतं तेच केलं. मराठी माणसाला काय उत्तम येतं, हा प्रश्न इथे जमलेल्यांनी एकमेकांना जरूर विचारावा.

ब्लेझएडचं खरं मोल मात्र किलोमीटरच्या हिशेबात पुरतं मावत नाही. स्वयंसेवक शेतकऱ्याच्या जागी काम करत नाहीत, त्याच्या बरोबरीने करतात. आपत्तीनंतर घरात कोंडून घेतलेला माणूस 'फाटक कुठे होतं?' एवढं विचारल्यावर बाहेर येतो. दाखवता दाखवता हातात हातोडा घेतो. चहाच्या सुट्टीत पहिल्यांदा बोलतो, तेही तारेबद्दल, खांबांबद्दल. मेलेल्या जनावरांबद्दल बरंच नंतर. समुपदेशकाच्या दारात पाऊल न टाकणारा हा वर्ग आहे. शेजारी घाम गाळणाऱ्या परक्या माणसापाशी तो मन मोकळं करतो. संस्था स्वतःही कुंपणाइतकंच महत्त्व मनाला उभारी देण्याला देते, आणि म्हणूनच तिचे तळ एकेका भागात महिनोन् महिने हलत नाहीत.

ही 'महिनोन् महिने'ची गोष्ट मराठवाड्याकडे पाहताना फार टोचते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा या नद्यांनी धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर या दुष्काळाची सवय असलेल्या जिल्ह्यांत हाहाकार माजवला. सोयाबीन कुजलं, गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्याला तशीच मेली, ठिबकच्या नळ्या आणि मोटारी वाहून गेल्या. पुण्या-मुंबईहून टेम्पो निघाले. धान्य, कपडे, चादरी, वह्या आल्या. त्या पहिल्या आठवड्यात ते सगळं हवंच होतं आणि देणाऱ्यांचं मनही मोठं होतं. पण अनेक शेतांचं जे नुकसान झालं ते टेम्पोत भरून पाठवता येणारं नव्हतं. माती खरडून गेली होती. काळी माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडला होता. विहिरी गाळाने भरल्या होत्या.

हा हिशेब एकदा मांडून बघायला हवा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर फक्त अर्धा फूट माती पसरायची तर २१,७८० घनफूट लागते, म्हणजे सुमारे २१८ ब्रास. एका ट्रॉलीत ब्रासभर माती धरली तर एका एकरासाठी दोनशेच्या वर खेपा. राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचं काम, अशी तरतूद होती. नुसत्या रोख रकमेचं बघितलं तर एकरी १९ हजार, म्हणजे ब्रासमागे ८७ रुपये. माती खणणं, भरणं, वाहणं, पसरणं, एवढं सगळं त्या ८७ रुपयांत बसत नाही. रोजगार हमीतलं काम कागदावरून शिवारात वेळेवर उतरलं तरच गणित जुळतं, आणि त्यासाठी कुणीतरी शेतकऱ्याबरोबर तहसीलच्या पायऱ्या चढायला हवं. हेही स्वयंसेवेचंच काम आहे. फक्त त्याचे फोटो निघत नाहीत.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. इर्जिकीची आठवण अजून पुष्कळ गावांत आहे: एखाद्याचं शेत मागे पडलं की गाव आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं, आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. ब्लेझएडच्या तळावर जे चालतं ते इर्जिकीपेक्षा फारसं वेगळं नाही. फक्त तिथे शेजारी हजार किलोमीटरवरून येतात.

याच मातीत याहून मोठं उदाहरणही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून गावं झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत हजारो माणसं गेली. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. मदतीची वाट बघणाऱ्या बायका आता घरोघर जाऊन भूकंपाला टिकणारं बांधकाम कसं असतं ते समजावू लागल्या, अनुदानाचा हप्ता कुठे अडला ते विचारू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातेत गेल्या. ज्यांची स्वतःची घरं पडली होती त्या दुसऱ्यांना घर कसं उभं करायचं ते सांगत होत्या. पुढे दुष्काळी मराठवाड्यात याच संस्थेने बायकांच्या हाती एकेक एकर शेती द्यायला लावली: कमी पाण्यावरची डाळी-भाजीची मिश्र पिकं, आधी घरच्या ताटासाठी, उरलं तर बाजारासाठी. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं 'इक्वेटर' पारितोषिक मिळालं.

मंडळांना करण्यासारखं काम या दोन्ही देशांत आहे. ऑस्ट्रेलियात ते अगदी सरळ आहे: पुढच्या वणव्यानंतर किंवा पुरानंतर तळ पडेल तेव्हा चार-पाच कुटुंबांनी नाव नोंदवावं आणि एक शनिवार-रविवार जावं. हातमोजे, जाड तळाचे बूट आणि रुंद काठाची टोपी एवढी तयारी पुरते.

मराठवाड्यासाठी हप्त्यांत विभागलेला पैसा हवा. पूर ओसरल्यावर लगेच एकरकमी पाठवलेला निधी बहुधा धान्यातच जातो. त्यापेक्षा एखादं गाव, एखादा शेतकरी गट धरावा, किती एकर खरडलं आणि किती विहिरींत गाळ आहे याची यादी त्यांच्याकडूनच मागवावी, आणि ट्रॅक्टरच्या खेपांचा, जेसीबीच्या तासांचा खर्च उचलावा. राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहेच. तलावातला सुपीक गाळ खरडलेल्या शेतावर नेला तर दोन्ही कामं होतात. फक्त तो गाळ उपसता येतो तलाव आटल्यावर, मार्च ते मे या महिन्यांत. मृगाचा पाऊस पडला की ट्रॅक्टर रानात रुततात आणि वर्ष वाया जातं. म्हणून पैशाचा आणि माणसांचा निर्णय मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत झालेला असावा.