राघूचं स्वतःचं नाव



पैनगंगेकाठच्या, शारंगधर बालाजीच्या या गावात पक्षिमित्रांसमोर अध्यक्ष म्हणून उभं राहताना मन भरून आलं आहे. इथेच ना. घ. देशपांडे यांनी वकिली केली आणि कविता लिहिली. त्यांचा पहिला संग्रह १९५४ सालचा, नाव ‘शीळ’. आवाजाविषयी बोलायला मला मेहकरहून योग्य जागा मिळाली नसती. कारण आज मला आपल्या रोजच्या पोपटाच्या, राघूच्या आवाजाविषयीच बोलायचं आहे.

मराठीत पोपट भरपूर आहे, पण तो पिंजऱ्यातला आहे. अर्थ न कळता बोलणं ही पोपटपंची. फजिती झाली की ‘पोपट झाला’. लाडात आला की मिठू. गाथासप्तशतीतल्या कवीने मात्र मान वर करून पाहिलं होतं. आभाळातून उतरणारी कीरांची, म्हणजे पोपटांची, रांग त्याला पाचू-माणकांच्या तुटलेल्या कंठीसारखी दिसली. पाचू पंखांचे, माणकं चोचींची. थवा शेतावर उतरताना ज्याने पाहिलाय, त्याला हे पटेल. मधल्या काळात आपण मान खाली घातली आणि पिंजऱ्यात डाळ टाकत बसलो.

हा पक्षी आहे तरी कसा? लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटी. गळ्यातला काळा-गुलाबी कंठ फक्त नराला, तोही जवळजवळ तिसऱ्या वर्षी येतो. तोवर नर-मादी ओळखणं कठीण. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, म्हणून तो फांदीवर हातापायाने चढल्यासारखा चढतो आणि पेरूची फोड मुठीत धरून खातो. वरची चोचही कवटीशी सांध्याने जोडलेली असल्यामुळे हलते. फोडता-कुरतडताना त्याला याचा फायदा होतो.

एवढी चोच असून घर मात्र तो सहसा मुळापासून कोरत नाही. तांबट किंवा सुतार पक्ष्याने केलेलं भोक घेतो, कुरतडून मोठं करतो. नाहीतर झाडाची जुनी ढोली, पडक्या वाड्याच्या भिंतीतलं बीळ. तांबटाला लागते वठलेली, मऊ पडलेली फांदी. बांधावरच्या आंब्याची अशी फांदी आपण ‘वाळली, कामाची नाही’ म्हणून तोडतो, तेव्हा तांबटाचं घर जातं, पाठोपाठ राघूचं, आणि उरलेल्या एखाद्या ढोलीवरून मैना, पिंगळा आणि पोपट यांची भांडणं लागतात. वीण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. पांढरी, गोलसर, तीन ते पाच अंडी. सुमारे तीन आठवड्यांनी पिलं निघतात, उघडी, आंधळी. पुढचे सहा-सात आठवडे ती त्या अंधारातच असतात.

या अंधारातल्या आठवड्यांपाशी मला थोडं थांबायचं आहे. व्हेनेझुएलात एका छोट्या रानपोपटाच्या घरट्यांत संशोधक कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक लावले. २०११ साली त्यांनी दाखवून दिलं की त्या जातीत प्रत्येक पिलाला हाकेचा वेगळा सूर असतो, आणि तो ते आईबापांकडून शिकतं. अंड्यांची अदलाबदल केली तरी पिलं सांभाळणाऱ्यांचाच सूर उचलतात. सोप्या मराठीत सांगायचं तर बारसं घरट्यात होतं. पोपटाची नक्कल ही करमणूक नव्हे. आपल्या माणसांत आपलं नाव घेऊन राहण्याची ती सोय असावी.

आता ढोलीत हात घालून पिलू काढणारा मुलगा आठवा. तो मुलगा मी होतो. वय नऊ-दहा. पिलाला धड पिसं नव्हती. आजीने त्याला भिजवलेली डाळ भरवून जगवलं आणि ‘विठू विठू’ शिकवलं. गावभर कौतुक झालं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी आज संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. तरी बाजारात पिलं येतात, कारण घराघरांत अजून कौतुक आहे.

शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे, ती मी टाळणार नाही. ज्वारी राखायला माचाणावर बसलेल्या वडिलांच्या हातात गोफण मी पाहिली आहे. पोपट खातो त्याहून जास्त सांडतो, अर्धं कणीस टाकून दुसऱ्यावर जातो. आता या भागात सोयाबीन पसरलं, ज्वारी कमी झाली, आणि उरलेल्या थोड्या ज्वारी-मक्यावर सगळा थवा पडतो. त्या एका शेतकऱ्याचा राग मला समजतो. राखण त्याने करावी, हाकलावं, जाळी लावावी. पण ढोलीतलं पिलू विकणाऱ्याने कुणाचंही कणीस वाचवलेलं नसतं.

राघू संपत चाललेला नाही. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची वंशावळ लंडनच्या बागांतही थव्यांनी नांदते आहे. म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, त्याच्याविषयीच्या शब्दांकडेही नाही. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले, पक्षिकोश दिला. तसंच आपल्या तालुक्यात राघूच्या थव्याला, त्याच्या ओरडण्याला, ढोलीला काय काय म्हणतात, ते म्हाताऱ्या राखणदारांना विचारून लिहून काढायला हवं. ते काम या संमेलनाने हाती घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

आजीचा विठू अकरा वर्षं जगला. संध्याकाळी थवा घरावरून ओरडत जायचा. तेव्हा त्याचं ‘विठू’ बंद पडायचं. तो दांडीच्या टोकाला सरकायचा आणि एकच तीक्ष्ण किंकाळी फोडायचा, आम्ही कुणी न शिकवलेली. थवा लांब गेला तरी बराच वेळ तो तसाच, मान तिरकी करून ऐकत बसायचा.